मुंग्यांचं लायसन्स

सोलापुरात टीव्हीचं लायसन्स काढायला आपल्या पायांनी चालत आलेलं पहिलं माणूस म्हणजे सुलोचना सिस्टर. तेव्हा सोलापुरात टीव्ही दिसत नव्हता.

हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं आणि ऐकणारा प्रत्येक जण हसला. पहिल्या दिवशी मीही हसलो होतो. आता कुणी हसलं की माझं डोकं फिरतं.

मी त्या वेळी पोस्टात रेडिओ लायसन्सच्या काउंटरवर बसत असे. आजच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं, की घरात रेडिओ ठेवायला तेव्हा सरकारचं लायसन्स लागायचं आणि दर वर्षी पोस्टात पैसे भरून ते नवं करून घ्यावं लागायचं. लोक काय सुखासुखी भरतात? इन्स्पेक्टर गल्लीत शिरला की ट्रान्झिस्टर पिठाच्या डब्यात जायचे, वाकळेत जायचे. एका माउलीने तर चालू रेडिओच पाळण्यात निजवला होता आणि वर अंगाई म्हणत बसली होती. इन्स्पेक्टर दारात, आणि पांघरुणातून शेतमालाचे बाजारभाव ऐकू येताहेत! अशा गावात एक बाई आपण होऊन काउंटरला येते आणि जी गोष्ट गावात दिसतच नाही तिचे पैसे भरू म्हणते, तेव्हा माणसाने करावं काय?

काउंटरवर त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. तरी सिस्टर रांगेत उभं राहावं तशा दोन हात अंतर ठेवून उभ्या राहिल्या. मी मान वर केल्यावर पुढे आल्या. पांढरीशुभ्र साडी, घट्ट अंबाडा, आणि छातीवर पिनेने अडकवलेलं, उलटं लोंबणारं घड्याळ.

"टीव्हीचं लायसन्स," त्या म्हणाल्या.

"रेडिओचं ना?"

"मी काय बोलले?"

"बाई, सोलापुरात टीव्ही दिसत नाही."

"ते तुम्ही मला सांगायला नको. माझ्याच घरात ठेवलाय, न दिसणारा मलाच दिसतोय की."

"मग लायसन्स कशाला?"

"नियम काय आहे? दिसला तर लायसन्स का ठेवला तर लायसन्स?"

मी पोस्टमास्तरांकडे गेलो. त्यांनी कपाळाला आठ्या घालून नियम काढला. ठेवला तर लायसन्स. सिस्टरांनी पैसे भरले, पावती घेतली, शाई वाळेपर्यंत तिच्यावर फुंकर घातली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली. मला वाटलं, चला, झालं. पण त्या हलल्या नाहीत. घड्याळ उचलून त्यांनी वेळ बघितली आणि विचारलं, "हं. आता सांगा. कधी दिसणार?"

मी हसलो. त्यांनी खिडकीतून हात आत घातला आणि माझं मनगट धरलं. नाडी बघताना धरतात तसं, तीन बोटांनी. पुढे कळलं की राग आला की त्या समोरच्याचं मनगट असंच धरतात. आपलं रक्त आपल्यालाच ऐकू यायला लागतं हो त्या पकडीत.

"हसता काय? पैसे घेतले ना? पावती आहे माझ्याकडं."

*

सिस्टर इंग्लंडला बरीच वर्षं नर्स होत्या. आई थकली म्हणून नोकरी सोडून आल्या, आई गेली, आणि त्या इथेच सरकारी दवाखान्यात राहिल्या. येताना त्यांनी तिकडचा टीव्ही आणला होता. बोटीवरून, खोक्यात गवत भरून. मुंबईत टीव्ही सुरू झाला, पुण्यात सुरू झाला, म्हणजे आता सोलापुरात येणारच असा त्यांनी हिशेब केला. इतकी वर्षं परदेशात राहिल्यावर माणूस सोलापूरला विसरतो, त्याचं हे फळ.

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या तक्रार करायला येऊ लागल्या. मी तक्रार कुठे पाठवणार? पण लिहून घ्यायचो, नाही तर मनगट धरत. लिहिताना त्या बोलत राहत. तिकडच्या टीव्हीबद्दल मला जे काही माहीत आहे ते सगळं त्या काउंटरवर कळलेलं आहे.

"इंग्लंडमध्ये वर्षाचे पैसे भरायचे, माने," त्या सांगत. "नाही भरले तर चोरून बघणाऱ्यांना शोधत गाडी फिरते. पकडतात. जाहिरातींवर चालणारं दुसरं चॅनल आहे, तेवढंच बघतो म्हटलं तरी भरायचे. पण एकदा भरले, की मग ऐकून घ्यावं लागतं त्यांना. माझ्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या, हाताला सलाईन, आणि कार्यक्रम भिकार लागला की म्हणायच्या, सिस्टर, कागद आणा. खरमरीत पत्र लिहायच्या! आमच्या पैशावर हा चावटपणा चालवता? असं. मरायला टेकलेली बाई असं लिहिते, आणि तिला उत्तर येतं."

"आणि अमेरिकेत?" मला तेवढ्यात पत्ता लिहून घ्यायचा असे.

"अमेरिकेत फुकट. माझी मैत्रीण एलिझाबेथ तिथं गेली ना, ती कळवते. फुकट म्हणजे काय, मधे मधे साबणवाला येतो. हिरो मरायला लागला की साबणवाला येतो. टीव्ही त्या साबणवाल्याचा. तुम्ही बसलेले आहात त्याच्या ओट्यावर. तो म्हणेल ते बघायचं." मग एकदम आवाज चढायचा. "आणि तुमच्याकडं काय आहे? पैसे भरायचे इंग्लंडसारखे, आणि बघायचं काय? मुंग्या!"

चित्र न येता पडद्यावर जे काळंपांढरं वळवळतं त्याला आम्ही मुंग्या म्हणत असू. त्या मुंग्यांचं रीतसर लायसन्स असलेली ही एकटी बाई होती.

त्यांचं सगळं शहाणपण या एका खुंटीवर टांगलेलं होतं. पैसे दिले की बोलायचा हक्क येतो. फुकट घेतलं की तोंड शिवलं जातं. मंगळवारच्या बाजारात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. भाजीवाल्याने रिवाजाप्रमाणे मिरच्यांवर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकल्या. सिस्टरांनी त्या काढून बाजूला ठेवल्या.

"याचे किती?"

"त्याचं काय न्हाय हो बाई. मिरच्यासंगं देतोय की."

"किती ते सांग."

"अवो, कोतमिरीचं कुटं पैसं घेत्यात? समद्यांनाच देतो मी."

"घे म्हणते ना! उद्या सडकी निघाली तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

तो माळी लाल झाला. त्याच्या आज्यापासून कुणी कोथिंबिरीचे पैसे देऊन त्याचा अपमान केला नव्हता. आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. पण सिस्टरांनी त्याच्या तराजूत नाणं टाकलंच. पुढच्या मंगळवारी त्या पिवळ्या काड्या घेऊन परत आल्या आणि त्याला असं झाडलं, की त्याने भर बाजारात ताजी जुडी सोडून हातात दिली. मग मात्र तोच माळी त्यांना लांबून बघून चांगली जुडी वेगळी काढून ठेवायला लागला. शिव्या खाऊन माणूस सुधारतो, याचा मला मिळालेला हा एकुलता एक पुरावा.

*

त्यांच्या गच्चीवर एक बांबू होता, आणि त्याला बांधलेला अँटेना. नव्या पेठेतल्या एका रेडिओवाल्याने त्यांना सांगितलं होतं, की उन्हाळ्यात हवा चांगली तापली की कधी कधी पुण्याचं चित्र भरकटत इकडे येतं. एका मे महिन्यात, मिलचा संध्याकाळचा भोंगा नुकताच झाला असेल, मी त्यांच्या गल्लीतून चाललो होतो. वरून ओरडा ऐकू आला. "माने! अहो माने! या वर!"

मी धावत गेलो तर खोलीत अर्धी गल्ली जमलेली. पडद्यावरच्या मुंग्यांतून एक माणूस वर आला होता. कोट घातलेला, केस चापून बसवलेला. तो बोलत होता. ओठ हलत होते, मधेच बोट वर करत होता, आणि आवाजाचा पत्ता नव्हता. विलायती सेटला इकडचा आवाज पकडता येत नाही, हे आम्हांला पुढे रेडिओवाल्याने सांगितलं. त्या वेळी आम्हांला वाटलं, हा माणूसच गप आहे.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हातारीने नमस्कार केला. सिस्टर मात्र पडद्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "बोल की! बोल! पैसे भरलेत मी!"

तो थोडा वेळ तसाच ओठ हलवत राहिला आणि मुंग्यांत बुडाला. त्यानंतर तो कधीच आला नाही. त्याच पावसाळ्याच्या तोंडाला देशात आणीबाणी आली आणि पुष्कळांचे आवाज बसले. सिस्टरांचा बसला नाही. त्या काउंटरवर येऊन त्याच पट्टीत ओरडत आणि आमचे पोस्टमास्तर घाईघाईने खिडकीची झडप ओढून घेत. "बाई, हळू," म्हणत. "दिवस बरे नाहीत."

"मी काय फुकट बोलतेय?" सिस्टर म्हणत.

*

मग त्यांच्या थोरल्या बहिणीचा निरोप आला.

ही बहीण, गंगाक्का, सीमेपलीकडे गुलबर्गा जिल्ह्यात दिलेली. अक्कलकोटच्या पुढे कडबगी म्हणून गाव, घरात कानडी, बाजारात मराठी. निरोप असा, की आमच्या गावात टीव्ही आलाय, फुकट, आणि रोज दिसतो.

हे ऐकून सिस्टरांचा जो भडका उडाला तो मी विसरणार नाही. सोलापूरसारख्या शहरात, गिरण्या, कॉलेजं, पावती असलेल्या शहरात मुंग्या. आणि जिथे अजून वीज गेलेली नाही त्या कडबगीत टीव्ही! पण ते खरं होतं. सरकारने अमेरिकेकडून एक उपग्रह उसना आणला होता, तो आकाशातून काही निवडक खेड्यांवर कार्यक्रम सोडत होता. महाराष्ट्र त्या निवडीत नव्हता.

"चला," सिस्टर मला म्हणाल्या. "तुम्ही सरकारी माणूस आहात. फुकटचं कसं असतं ते बघून घ्या."

रविवारी आम्ही एस.टी.ने अक्कलकोटला आणि तिथून खडखडत कडबगीला गेलो. गावाच्या मध्यावर जाळीची भलीमोठी छत्री आभाळाकडे तोंड करून बसवलेली. सेट खरं तर शाळेत ठेवायचा, पण तो गौडांच्या कट्ट्यावर होता. गौडा म्हणजे गावचे पाटील. वीज नसल्यामुळे सेट बॅटरीवर चालायचा, आणि बॅटरी भरून आणायचे गौडा, आपल्या ट्रॅक्टरवर घालून. त्यामुळे शाळेतला टीव्ही कट्ट्यावर आला आणि कट्ट्यावर कुणी कुठे बसायचं हे गौडा ठरवायला लागले. पुढे त्यांचे भाऊबंद. मागे बाकीचे गडी. बायका गोठ्याच्या अंगाला, गव्हाणीच्या पलीकडे. तिथून पडद्याचा एक कोपरा दिसायचा.

संध्याकाळी टीव्ही लागला. शेतीचं झालं, नाच झाला, गडी खूश. मग कानडीत एक बाई बोलायला लागली आणि पडद्यावर बाळंतिणीची खोली आली. गव्हाणीमागच्या बायका एकदम उभ्या राहिल्या. गौडांनी हात लांब करून टीव्ही बंद केला.

"बायकांचं कायतरी चाललंय. बॅटरी वाया जाती," ते म्हणाले.

मला गंगाक्काचा चेहरा दिसत होता. सिस्टरांनी येताना एस.टी.त सांगितलं होतं, की गंगाक्काचं पहिलं नातवंड आठ-दहा दिवसांचं होऊन धनुर्वाताने गेलं होतं. नाळ विळ्याने कापली होती. सून आता पुन्हा गरोदर होती, आणि गावची सुईण सिस्टरांचं ऐकत नव्हती. म्हणायची, तू अविवाहित, तुला काय कळतंय. पण टीव्हीतली बाई बोलली तर ऐकीन म्हणत होती. ती सुईणही गव्हाणीमागे उभी होती. आणि या माणसाने बॅटरी वाचवण्यासाठी बटण पिरगाळलं!

सिस्टर सगळ्या गड्यांच्या मधून चालत गेल्या आणि त्यांनी गौडांचं मनगट धरलं.

गौडा माणूस गोड बोलणारा. हात न सोडवता म्हणाले, "अवो सिस्टर, सरकारनं फुकट दिलंय. आमी फुकट दावतोय. बगायचं तर बगा, न्हायतर घरी जावा. कुनाला बोलावणं धाडलं न्हाय की."

सिस्टर बायकांकडे वळल्या. "तुम्ही बोला की! गप का?"

बायका खाली बघायला लागल्या. शेवटी गंगाक्का म्हणाली, "फुकट बगतो की आमी. कसं बोलायचं?"

सिस्टरांनी गौडांचा हात सोडला. मला वाटलं होतं, आता त्या आकाशपाताळ एक करतील. पण त्या सरळ गंगाक्काच्या घरी आल्या, चुलीपुढे बसल्या, आणि बायकांना बोलावून घेऊन म्हणाल्या, "ज्वारी काढा."

घरटी एक मापटं. नवऱ्याला विचारायचं नाही. दळणातून, कणगीतून, बाईच्या हाताखाली जे असतं त्यातून. ती ज्वारी अक्कलकोटच्या बाजारात घालायची आणि त्यातून बॅटरी भरून आणायची. गौडांच्या ट्रॅक्टरवर नाही, एस.टी.च्या टपावर, वाहकाला हमाली देऊन.

"फुकट मिळतंय, आन ज्वारी कशापायी घालायची?" एका म्हातारीने विचारलं.

"भांडता यावं म्हणून," सिस्टर म्हणाल्या.

*

पुढच्या वेळी मी गेलो नव्हतो. जे झालं ते काउंटरवर ऐकलं. पण सिस्टरांनी ते इतक्या वेळा आणि इतक्या तावात सांगितलं, की मी तिथे होतोच असं मला वाटतं. बायकांनी भरलेली बॅटरी डोक्यावर घेऊन वाजतगाजत आणली. सेट कट्ट्यावरून उचलून शाळेत नेला. गौडा आडवे आले तेव्हा त्याच गंगाक्काने, जी खाली बघत होती त्याच गंगाक्काने, कमरेला पदर खोचून विचारलं, "ज्वारी कुनाची हाय?" तेवढंच. पण सगळ्या गावाने ऐकलं.

बाळंतपणाचा कार्यक्रम पुन्हा लागला तेव्हा सुईण पहिल्या ओळीत बसली होती. सून बाळंत झाली. नाळ उकळलेल्या पात्याने कापली. मुलगी झाली, आणि जगली. सिस्टरांनी त्या दिवशी आख्ख्या पोस्टाला पेढे वाटले आणि पोस्टमास्तरांनाही एक पेढा देऊन वर सुनावलं, "बघा, पैसे भरून बघितलं की काय होतं."

कडबगीच्या बायकांना चटकच लागली. मागची ज्वारी संपायच्या आत पुढची जमायची. कार्यक्रम कंटाळवाणा लागला तर त्या पडद्याला शिव्या द्यायच्या म्हणे. "आमच्या जुंधळ्यावर ह्यो तमाशा!" हे ऐकून सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या म्हाताऱ्या अगदी अश्शाच बोलायच्या हो," त्या म्हणाल्या. त्यांना इतकं खूश मी आधी पाहिलं नाही, नंतरही नाही.

आणि मग एके दिवशी कडबगीच्या पडद्यावर मुंग्या आल्या.

उपग्रह वर्षाच्या बोलीवर आणलेला होता. वर्ष संपलं, अमेरिकेने तो परत नेला. हे पेपरात आलं होतं. मी वाचलं होतं, सिस्टरांनीही वाचलं असेल. पण पेपरात आहे आणि गंगाक्काला माहीत आहे, यात किती अंतर असतं! बायकांना कुणी काही सांगितलं नाही. अहो, घरातला गडी कामावरून काढतानाही माणूस त्याला तसं तोंडाने सांगतो. इथे आख्ख्या गावापुढचं ताट उचललं आणि कुणाला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही. उसनी वस्तू होती, फुकट दाखवत होतो, बंद केली. मला संताप येतो तो याचा, की ज्यांनी हे केलं त्यांना आपण काही वाईट केलं असं वाटलंही नसेल.

बायकांनी आधी बॅटरी बदलली. मग छत्री पुसली. मग गौडांशी भांडल्या, आणि गौडा बिचारे जन्मात पहिल्यांदाच निर्दोष होते. मग त्यांनी एकत्र बसून विचार केला.

दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. मी खिडकी उघडली तर समोर गंगाक्का, सुईण आणि आणखी एक बाई, आणि काउंटरच्या लाकडावर ज्वारीचं पोतं.

"सुलोचना हितंच पैसं भरती न्हवं?" गंगाक्काने विचारलं.

"हो."

"मग आमचं बी भरून घ्या. आमी समदी ज्वारी बॅटरीला घातली, वर कायच पोचलं न्हाय. म्हून त्यांनी बंद केलं असंल. लई चुकलं आमचं. आमाला म्हाईत नव्हतं, पोष्टात भरायचं असतंय म्हून."

मी शिपायाला दवाखान्यात धाडलं. सिस्टर आल्या, ड्यूटीवरच्या साडीत, घामाघूम. पोतं बघितलं, बायकांकडे बघितलं. त्यांना सगळं एका नजरेत कळलं असावं, कारण त्या दारातच थबकल्या.

"तुजं लायसन हाय म्हून तू भांडतीस," गंगाक्का म्हणाली. "आमाला बी पावती काडून दे. मग आमी बी भांडू की."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. सवयीने हात खिडकीतून आत आला. पण मनगट त्यांनी धरलं नाही. हात काउंटरच्या लाकडावर तसाच राहिला.

"माने, घ्या यांचं."

"सिस्टर, सेट सरकारचा आहे. आणि वर आता काहीच नाही. कशाची पावती देऊ?"

"मग त्यांनी कुणाकडं भांडायचं?"

मी काय सांगणार? मी एक कारकून. दिल्ली का अमेरिका का आभाळ? पोस्टमास्तर नेहमीप्रमाणे झडप ओढायला पुढे आले होते, ते नुसते उभे राहिले. सगळं ऑफिस वाट बघत होतं, की आता सिस्टर ओरडणार. मीही वाट बघत होतो. खरं सांगतो, मला त्यांनी ओरडायला हवं होतं. कुणीतरी ओरडायलाच हवं होतं.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी बाकावर गंगाक्काला शेजारी बसवलं आणि तिचं मनगट धरलं, नुसतं धरलं.

"अक्का, ते आपलं नव्हतंच गं."

"असं कसं? ज्वारी दिली की!"

"व्हय," सिस्टर म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे गावाकडचं 'व्हय' मी पहिल्यांदा ऐकलं. "दिली की."

बायकांनी फडक्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली, आम्हां सगळ्यांना वाटली, आणि दुपारच्या एस.टी.ने पोतं घेऊन परत गेल्या. पोतं टपावर चढवायला सिस्टर स्वतः हात लावत होत्या, असं शिपाई सांगत आला.

*

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या आल्या नाहीत. पुढच्याही नाहीत. जानेवारीत लायसन्स नवं करायचं होतं, तेही केलं नाही. इन्स्पेक्टरने विचारलं तेव्हा मी सांगितलं, की सेट मोडीत काढलाय. खरंच काढला होता का, मला माहीत नाही. त्यांच्या गच्चीवरचा बांबू मात्र गेला होता आणि तिथे वाळत घातलेल्या साड्या दिसत.

मी मुद्दाम भेटायला गेलो नाही. जाऊन काय बोलणार होतो? तक्रार लिहून घेतो म्हणून सांगणार होतो?

माझी सांगलीला बदली झाली त्या आठवड्यात मी मंगळवारच्या बाजारात गेलो होतो. सिस्टर त्याच माळ्यासमोर उभ्या होत्या. अंबाडा तसाच घट्ट, साडी तशीच शुभ्र. छातीवर घड्याळ नव्हतं, ड्यूटी नसेल. माळ्याने मिरच्या तोलल्या. मग त्याच्या मदतीला बसलेल्या भावाने, ज्याला सिस्टर कोण हे माहीत नव्हतं, ढिगातून हाताला येतील त्या कोथिंबिरीच्या काड्या उचलून मिरच्यांवर टाकल्या. माळी दचकला. त्याने वेगळी काढून ठेवलेली जुडी पुढे करायला हात नेला आणि सिस्टरांच्या तोंडाकडे बघत तसाच थांबला.

मी चार पावलांवर होतो. त्या काड्या पिवळ्या पडलेल्या मला तिथून दिसत होत्या. बोला की, सिस्टर, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. घाला त्याच्या तराजूत नाणं, धरा त्याचं मनगट, जमवा सगळा बाजार!

सिस्टरांनी काड्यांकडे बघितलं. मिरच्यांचे पैसे दिले, कोथिंबीर पिशवीत टाकली आणि त्या चालू लागल्या.